सोळा तुकड्यांचे साहेब

नोकरीत मी बरेच साहेब पाहिले. खाणारे पाहिले, झोपणारे पाहिले, फायलीवर चहाचा कप ठेवून महिना-महिना तो न उचलणारे पाहिले. पण ऑफिसच्या वेळेत टेबलावर चिंचोके फेकत बसणारा साहेब एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला.

बहात्तरच्या दुष्काळाला काही वर्षं झाली होती. त्या साली खडी फोडलेल्या बायकांच्या हातांवरचे घट्टे अजून गेले नव्हते, आणि पुन्हा दोन सालं पाऊस ओढ देत होता. तेर गावच्या रस्त्याला आमचं लहानसं प्रयोग केंद्र होतं. दोन खोल्या, एक पत्र्याची शेड, एक शिपाई, नोंदी ठेवायला मी, आणि आमच्या डोक्यावर हे साहेब. कोरडवाहू शेतीचं भलं करायला सरकारनं यांना पाठवलं होतं. हे खिडकीशी बसायचे, एका बाजूनं घासून पांढरे केलेले चिंचोके मुठीत खुळखुळवायचे, टेबलावर टाकायचे, पांढरे किती पडले ते मोजायचे आणि वहीत लिहायचे. बाहेर एखादा शेतकरी अर्ज घेऊन उभा असला तर त्याला हातानंच थांब म्हणायचे. शेतकरी बिचारा समजायचा, साहेब कौल लावतायत.

दिसायला काटकुळे. शर्टाच्या खिशात पाच पेन्सिली, पाचही टोकदार. पाऊस नसलेल्या या जिल्ह्यात बारा महिने काखेत छत्री. सायकलवर बसताना पँटला चिमटा लावायचे आणि उतरल्यावर काढायला विसरायचे, त्यामुळे कलेक्टरपुढंसुद्धा एक पाय आखडलेला. बोलणं असं की समोरच्याला आपण नापास झालोय असं वाटावं. कुणी म्हणालं, "साहेब, औंदा खतानं ज्वारी चांगली आली," की हे विचारायचे, "खतानं आली हे कशावरून? पेरलीत कधी? बी कुठलं? कोळपलंत किती वेळा?" तो माणूस पुन्हा आमच्या ऑफिसात पाऊल टाकायचा नाही.

एकटे राहायचे. जेवणाचा डबा शिपायाच्या घरून यायचा. एकदा भाकरी चिरलेली आली. साध्या माणसानं काय केलं असतं? खाल्ली असती. साहेब रविवारी सकाळी शिपायाच्या दारात हजर. भाकरी चिरते त्याला चार कारणं असू शकतात म्हणे: पीठ शिळं, पाणी गार, मळणं कमी, तवा नीट न तापलेला. आठ भाकऱ्या करायला लावल्या. कुठल्या भाकरीला कुठलं पीठ, कुठलं पाणी, याचा तक्ता घरून आखून आणलेला. शिपायाची बायको चुलीपुढं घामाघूम, हे पाटावर बसून प्रत्येक भाकरीच्या चिरा पट्टीनं मोजतायत. शेवटी निकाल सांगितला, "पीठ शिळं आहे."

ती माउली म्हणाली, "आवं, मला इचारलं आसतं तर पीठ हातात घिऊनच सांगितलं आसतं की!"

"पण तुम्हाला खात्री किती होती?" साहेब म्हणाले.

तिनं उलथनं उचललं. डबा त्या दिवसापासून बंद झाला, आणि साहेबांनी पुढचे सहा महिने स्वतःच्या हातचा भात खाल्ला. कच्चाच असावा, कारण त्याचा तक्ता त्यांनी कधी दाखवला नाही.

आता त्या सोळा तुकड्यांकडं येतो. गावोगाव आम्ही त्यांना 'सोळातुकडे साहेब' म्हणायचो, तोंडावर नाही अर्थात.

शेजारच्या गावच्या सोसायटीच्या चेअरमननं एक साधा प्रश्न विचारला होता. रब्बी ज्वारीला तुम्ही सात गोष्टी करा म्हणता: सुधारित बी वापरा, लवकर पेरा, रासायनिक खत टाका, शेणखत टाका, बियाण्याला औषध चोळा, विरळणी करा, आणि थंडीत जमीन भेगाळली की तिसरी कोळपणी करा, म्हणजे भेगा बुजून आतली ओल टिकते. "सायेब, सातीच्या साती कराया आमी काय बागाईतदार हाव व्हय? त्यातली खरी कामाची कंची, त्येवढं सांगा. सोसायटीला एकच मागणी वर धाडता येती. खत मागावं, का ज्येंनी बैल इकलेत त्येंच्यासाठी हातानं ढकलायची चाकाची कोळपी मागावी?"

प्रश्न सरळ होता. उत्तरावर अख्ख्या गावाची पुढची रब्बी होती. मी त्याच संध्याकाळी आराखडा करून दिला. एका तुकड्यात काहीच करायचं नाही. पुढच्या सात तुकड्यांत एकेकात एकेकच गोष्ट. असे आठ तुकडे, दोनदा, म्हणजे सोळा. कुणालाही कळेल. ज्या तुकड्यात ज्वारी वाढली, त्या तुकड्यातली गोष्ट कामाची.

साहेबांनी माझा कागद वाचला आणि टाचणी लावून परत दिला. "यात एका गोष्टीची साक्ष द्यायला दोनच तुकडे आहेत, आणि ताडून बघायला काहीच न केलेले दोन. बाकीचे बारा तुकडे गप्प बसून राहणार. माझ्या मांडणीत जमीन तेवढीच, पण प्रत्येक गोष्टीबद्दल सोळाही तुकडे बोलतील."

त्यांची मांडणी म्हणजे सगळी खिचडी. कुठल्याही तुकड्यात तीन-चार गोष्टी एकदम. पहिल्यात बी, खत आणि विरळणी, दुसऱ्यात शेणखत, औषध आणि आणखी काही. हिशेब असा की प्रत्येक गोष्ट बरोबर आठ तुकड्यांत असेल आणि आठांत नसेल, आणि या दोन्ही आठांत बाकीच्या गोष्टी सारख्याच वाटल्या गेल्या असतील. आठाची बेरीज वजा आठाची बेरीज, झालं उत्तर. मी म्हटलं, पंगतीतल्या सगळ्या भाज्या एकत्र कालवायच्या आणि मग मीठ कुठल्या भाजीत जास्त होतं ते सांगायचं, त्यातलाच हा प्रकार.

साहेब म्हणाले, "फेकून बघू."

मग तो चिंचोक्यांचा खेळ झाला. सात गोष्टींतल्या कुठल्या दोन 'खऱ्या' ते शिपायानं चिठ्ठीवर लिहून टोपीखाली ठेवायचं. मग प्रत्येक तुकड्याचं खोटं पीक त्यानंच सांगायचं. खरी गोष्ट असेल तिथं ठरलेली वाढ, आणि वर चिंचोके फेकून जितके पांढरे पडतील तितकी देवाची करणी. ते आकडे घेऊन मी माझ्या मांडणीनं ओळखायचं आणि साहेबांनी तीन वेगवेगळ्या मांडण्यांनी. एक माझीच, एक नुसत्या आठ तुकड्यांची काटकसरीची, आणि एक त्यांची सोळांची. तीन दिवस हा तमाशा चालला. गावात टँकर यायचा, बायका घागरी घेऊन धावायच्या, आणि आम्ही तिघं सरकारी नोकर खोट्या शेतातली खोटी ज्वारी मोजत होतो.

मी निम्म्या वेळा चुकलो. आठ तुकड्यांची मांडणी बरी निघाली, पण साहेबांनी ती बाजूला ठेवली. "हिच्यात एखादा तुकडा बिघडला तर कळायला जागाच राहत नाही. सोळांत कळेल." तुकडा बिघडला म्हणजे काय, तो काय तमाशाला जाणारं पोरगं आहे? सोळांच्या मांडणीत साहेब एकदाच चुकले. शिपाई टोपी डोक्यावर घालत म्हणाला, "सायेब, तुमचा गडी लई कच्चा हाय की!" आणि हसला. साहेब हसले नाहीत. ते हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या कागदावर 'अपुरी' असा शेरा मारला आणि तो कागद फायलीला लावला. तो शेरा मला आजही दिसतो.

जमीन मिळाली कोंडाबाईंची. नवरा वारल्यावर जमीन आणि सोसायटीचं सभासदत्व दोन्ही त्यांच्या नावावर झालं होतं. चेअरमनच्या शब्दावर त्यांनी वाटेकडचं रान दिलं. साहेबांनी दोरी लावून सोळा तुकडे पाडले, प्रत्येकाला खुंटी आणि नंबर. कुठला तुकडा कुठं यायचा हे चिठ्ठ्या काढून ठरवलं. कोंडाबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "रानाचं पार लुगडं फाडल्यागत क्येलं वो," एवढंच म्हणाल्या.

साहेबांचा एक नियम होता, आणि तो ते दिवसातून दोनदा म्हणायचे: "नोंदीत नाही ते शेतात नाही." रोजची नोंद मी ठेवायची. कुठल्या तुकड्यात काय केलं, काय झालं, ढोर शिरलं का, पाखरं बसली का. नोंदीला कारण असेल तर तुकडा हिशेबातून काढता येईल. मनाला वाटलं म्हणून काढायचा नाही. "मनाला वाटलं म्हणून आकडा काढणारा आणि मनाला वाटलं म्हणून आकडा घालणारा, एकाच माळेचे मणी." असं म्हणून पेन्सिल खिशात ठेवायची, जणू गीता सांगून झाली.

पेरणी झाली, थंडी पडली, काळ्या रानाला भेगा पडू लागल्या. आठ तुकड्यांत तिसरी कोळपणी झाली, आठ तसेच राहिले. अकरा नंबरचा तुकडा वाटेलगत होता. त्याला खत होतं, सुधारित बी होतं, पण कोळपणी नव्हती. भेगा अशा की पाऊल आत जावं.

आणि वेळा अमावस्या आली. आमच्या भागात त्या दिवशी गाव ओस पडतं. सगळे आपापल्या रानात. कडब्याची कोपी, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, ताकाची आंबिल, ज्याला रान नाही त्यालाही हाताला धरून नेतात. त्या दिवशी रानाला जेवू घालायचं असतं, सगळीकडं आंबिल शिंपडायची असते. मलाही कोंडाबाईंनी बोलावलं होतं. साहेबांनाही बोलावलं होतं, पण त्यांना मळणीचे तक्ते आखायचे होते.

मी गेलो आणि पाहिलं तर अकरावा तुकडा कोळपलेला. भेगा बुजलेल्या, माती भुसभुशीत.

"काकू, हे काय?"

कोंडाबाईंनी मला बाजूला घेतलं. "काल भाऊ आला लोहारा गावाकडनं, बैलं घिऊन. म्हनलं, येवढं यक कोळपून काढ. आवं, त्येला खत चारलं तुमी, अन् पानी तोडलं. पोटभर जेवाया घालून घोटभर पानी देऊ न्हाय असं कुटं असतं व्हय? बाकीची सात तरी आतल्या अंगाला हायती. ह्ये वाटंवर. चार पावनी यीत्याली, तोंड वासून पडल्यालं रान बगत्याली. आज काय रानाला उपाशी ठिवायचा दीस हाय का? तुमी लिवून घ्या. सायबास्नी सांगा, बाईची चूक झाली म्हनावं."

मी "लिहितो" म्हणालो आणि भज्जी खाल्ली. दोनदा मागून घेतली.

संध्याकाळी खोलीवर येऊन वही उघडली. तारीख टाकली. 'अकरा' एवढं लिहिण्यापुरती पेन्सिल कागदाला टेकवली, आणि मला तो शेरा आठवला. माझी मांडणी अपुरी काय? तुमच्या मांडणीत तुकडा बिघडला तर कळतं काय? मग कळू द्या की. शोधा. मी तारखेपुढं लिहिलं, 'विशेष काही नाही.'

मला वाटलं होतं, मळणी झाली की गंमत बघायची, आणि अगदीच वेळ आली तर सांगून टाकायचं. प्रत्येक हलकट माणसाला असंच वाटत असतं.

ज्वारी मोडली, मळली, तुकड्यागणिक मोजली. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं. टेबलावर चिंचोके नव्हते. कागद होता, आणि त्यावर पंधरा बेरजा.

"सात बेरजा सात गोष्टींच्या," ते म्हणाले. "उरल्या आठ, कुठल्याच गोष्टीच्या नाहीत, नुसत्याच आठ विरुद्ध आठ. या आठांत काही असायला नको, थोडा इकडचा-तिकडचा गोंधळ सोडला तर. पण बघा, आठही जवळजवळ सारख्या फुगल्यात. कुठं अधिक, कुठं वजा. कुठला तुकडा कुठल्या बेरजेत अधिक आणि कुठल्यात वजा हे ठरलेलं असतं, आणि ही अधिक-वजाची ओळ अकराव्या तुकड्याची आहे. दुसऱ्या कुठल्याच तुकड्याची नाही." त्यांनी चष्मा काढला. "अकराव्यात जितकी ज्वारी यायला हवी होती त्यापेक्षा बरीच जास्त आलीय. मला वाटतं कुणीतरी तो कोळपलाय."

चार महिने वाकून रान बघून नोंदी ठेवणाऱ्या मी जे लपवलं होतं, ते या माणसानं खोलीत बसून, पेन्सिलीनं, रानात न जाता काढलं होतं.

"तुम्ही वेळा अमावस्येला गेला होतात. काही दिसलं?"

सांगायला तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. मी म्हणालो, "नाही साहेब. वहीत आहे की सगळं."

त्यांनी वही उघडली, त्या पानावर बोट ठेवलं. मग दोन निकाल लिहिले. अकरावा तुकडा वगळला तर कोळपणी पहिली, खत बरंच मागं. धरला तर खत पहिलं, कोळपणी दुसरी. आणि या महामूर्खानं, सगळं कळत असताना, दुसऱ्या निकालावर सही केली. "नोंद नाही. काढता येणार नाही." मी मनात म्हटलं, अरे बाबा, स्वतःच्या डोक्यावर तरी विश्वास ठेव! एवढी मांडणी कशाला केलीस, चिंचोके कशाला झिजवलेस? कोंडाबाईंकडं जाऊन एक शब्द विचारला असता तर भागलं असतं. पण माणसांना विचारणं त्यांच्या तक्त्यात कधी बसलंच नाही. त्यांचा मला इतका राग आला की स्वतःचा यायचा राहूनच गेला.

सोसायटीनं खत मागवलं. कोळपी मागवली नाहीत.

पुढच्या साली सप्टेंबरात एक पाऊस झाला आणि थांबला. खत खाऊन ज्वारी तरारली, गुडघ्याच्या वर गेली, लोक खूश. डिसेंबरात रान उललं, हातभर भेगा पडल्या. ज्यांचे बैल होते त्यांनी कोळपून कशीबशी निम्मी धरली. ज्यांचे नव्हते त्यांची ज्वारी निसवता निसवता, कणसं बाहेर पडायच्या वेळी, उभी वाळली. कोंडाबाईंचीही. त्यांच्या भावानंही तोवर बैल विकले होते.

सोसायटीच्या खोलीत बैठक झाली. सेक्रेटरी आजारी म्हणून प्रोसिडिंग लिहायला चेअरमननं मलाच बसवलं. लोक चिडलेले. साहेब एक पाय आखडलेल्या पँटीत, छत्री मांडीवर घेऊन बसलेले.

चेअरमन म्हणाला, "सायेब, तुमीच म्हनला व्हता खत. गावानं तुमचं आयकलं."

साहेब उठले आणि बेरजा समजावू लागले. समोर वर्षाचं धान्य गेलेली माणसं, आणि हे आठ विरुद्ध आठ सांगतायत. कुणीतरी शिवी हासडली. तेव्हा मागून कोंडाबाई उभ्या राहिल्या.

"त्यो वाटंवरला तुकडा म्या कोळपला व्हता," त्या म्हणाल्या. "खतानं न्हवं, कोळपल्यानं आली व्हती त्यात ज्वारी. दुसऱ्याच दिशी सांगितलं व्हतं म्या."

"कुणाला?" चेअरमननं विचारलं.

कोंडाबाईंनी माझ्याकडं बघितलं. माझ्या हातातला पेन कागदावर टेकून होता आणि शाईचा डाग मोठा होत होता. मी वर बघितलं नाही.

"मला," साहेब म्हणाले. "मला सांगितलं होतं त्यांनी. नोंद घ्यायची राहिली. चूक माझी आहे."

सगळी शिवीगाळ मग त्यांच्यावर गेली. ते उभे होते. मध्येच कुणीतरी छत्री हिसकावून बाहेर फेकली. ते कुठं बघत होते मला माहीत नाही. माझ्याकडं बघत नव्हते, एवढं खरं. त्यांनी असं का केलं, हे मी पुढं त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. दोन महिन्यांत त्यांची बदली झाली. जाताना चार्ज देताना त्यांनी माझ्याकडून वह्यांची यादी बरोबर आहे ना, एवढं तपासून घेतलं. आजही ते आठवले की मला चीड येते. असल्या माणसानं आपल्यासाठी खोटं बोलावं, यापेक्षा त्यानं चारचौघांत थोबाडीत मारलेली परवडली असती.

पण त्या दिवशी माझं काम अजून संपलं नव्हतं. मी प्रोसिडिंग लिहिलं, वळणदार अक्षरात: 'सदर बाब साहेबांना वेळेवर कळविण्यात आली होती. त्यांनी नोंद घेतली नाही, असे त्यांनी स्वतः मान्य केले.' सभासदांनी सह्या केल्या. वही फिरत फिरत कोंडाबाईंपुढं आली. त्यांना अंगठा लावायचा होता. शिपायानं शाईची डबी उघडून धरली.

"काय लिवलंय त्ये वाचा," त्या मला म्हणाल्या.

मी वाचलं. माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

त्यांनी अंगठा शाईजवळ नेला होता. तो मागं घेतला, पदराला पुसला. त्याला शाई लागलेलीसुद्धा नव्हती.

"ह्येला म्या अंगठा लावायची न्हाय," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या. मी त्यांच्या नावापुढं 'गैरहजर' असं लिहिलं.